बरणीचा जुना वास

वस्तू बोलत आणि माणसं निमूट ऐकून घेत, त्या काळची ही गोष्ट. ताराक्कांनी जुन्या बाजारातून चिनी मातीची एक मोठी बरणी आणली आणि आणल्या आणल्या सोडा घालून घासायला घेतली. घाण दिसली की त्यांचे हात शिवशिवायचेच. पण बरणीने आरडाओरडा सुरू केला.

"हात लावायचा नाही! आत माझ्या जुन्या मालकिणीच्या लोणच्याचा वास आहे. तो गेला तर तिची काय खूण उरणार माझ्यापाशी?"

"वास कसला, खवट तेल ते!" ताराक्का म्हणाल्या. "त्यापायी माझं लोणचं नासलं, तर अंगणात नेऊन तुझ्यात कोरफड लावीन. बघ हं!"

बरणी रडकुंडीला आली. तेवढ्यात चुलीजवळच्या डबीतला हिंगाचा खडा खो खो हसला. "बाई गं, लोणचं घालायच्या आधी तुझी मालकीण काय करायची?"

"खसाखसा घासायची. उन्हात वाळवायची. आणि मग..." बरणी अडखळली. "पुढचं आठवत नाही. किती वर्षं दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडले होते मी!"

"तीही घासायचीच ना? मग ह्यांनाही घासू दे की!"

बरणीने अंग सैल सोडलं. घासून, कडक उन्हात वाळवून झाल्यावर ताराक्कांनी निखाऱ्यावर हिंगाचा तो खडा टाकला आणि बरणी त्यावर पालथी घातली. धूर आत भरला मात्र, बरणी आनंदाने किंचाळली, "अगंबाई! हाच, हाच तिचा वास!"

"ओरडू नकोस, धूर बाहेर येतो," ताराक्का म्हणाल्या आणि कैऱ्या फोडायला बसल्या.