महाराजांची विहीर आणि गिरजाचा ठेचा

"कोण म्हणतो माझी विहीर कोरडी आहे?" दुर्जयराव महाराज दरबारात असे कडाडले की झापवाडीच्या पाटलांचं पागोटंच हललं.

आता खरं सांगायचं तर महाराजांनी झापवाडीत खोदवलेली ती विहीर कोरडी ठणठणीत होती! महाराजांना मुहूर्ताची घाई, म्हणून खडक फुटायच्या आधीच सनई-चौघडा वाजवून उद्घाटन उरकलं होतं. तिच्यात आजवर पडलेलं पाणी एकच, महाराजांनी फोडलेल्या नारळाचं. गाव बिचारं म्हशी डुंबतात त्या डबक्याचं पाणी पीत होतं आणि घरोघरी पोरं हगवणीनं आडवी होत होती.

पाटील हात जोडून म्हणाले, "महाराज, डोंगरावर आपल्या शिकारीच्या रानात गोड्या पाण्याचा झरा आहे. घरटी एक माणूस लावून गावापर्यंत दगडी पाट आम्हीच बांधतो. परवानगी तेवढी द्या."

"विहीर असताना झरा? हा माझ्या विहिरीचा अपमान!" महाराज फुरफुरले. "सोमवारी तुमच्याकडे जेवायला येतो. माझ्या विहिरीचं पाणी पाजलंत तर झरा तुमचा! आणि विहीर कोरडी आहे असं जो म्हणेल, तो जन्मभर माझ्या हत्तीखान्यात पाणी भरेल!"

"वा, काय न्याय!" दिवाणजींनी मान डोलावली. त्यांची मान त्याच कामासाठी होती.

पाटील घरी येऊन डोकं धरून बसले. त्यांची सून गिरजा चुलीपाशी होती. तिची धाकटी लेक कालच कुठं अंथरुणातून उठली होती. पोरगी पुन्हा त्याच डबक्याचं पाणी पिणार, या विचारानं गिरजाचा जीव कासावीस झाला होता.

"मामंजी, सोमवारचा स्वयंपाक माझ्यावर सोडा."

"अगं, स्वयंपाकाचं काय घेऊन बसलीस? पाण्याचं काय?"

"पाण्याचं महाराजच बघतील!"

सोमवारी पंगत बसली. गरम भाकरी, पिठलं आणि लवंगी मिरचीचा हिरवागार ठेचा! महाराजांनी मोठा घास घेतला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

"पाणी! पाणी!"

गिरजानं लखलखीत तांब्या पुढं केला. "घ्या महाराज! आत्ताच तुमच्या विहिरीत सोडून वर ओढलाय."

महाराजांनी तांब्या तोंडाला लावला, उलटा केला, हलवला. "अगं, हा रिकामा आहे!"

"असं कसं होईल? तुमच्याच विहिरीतला आहे हो! दिवाणजी, तुम्ही बघा बरं."

दिवाणजींनी एकदा तांब्यात पाहिलं, एकदा महाराजांकडे. "भ... भरलेला दिसतोय, सरकार!"

"गाढवा! इथं जीभ जळतेय माझी!" महाराज ओरडले. "कसलं पाणी नि कसलं काय! कोरडी ठाक आहे ती विहीर!"

सगळ्या पंगतीनं माना वळवून महाराजांकडे पाहिलं.

गिरजानं पदर सावरला. "मामंजी, ऐकलंत ना? विहीर कोरडी आहे असं आपल्यातलं कुणी म्हणालं नाही हो! दिवाणजी, हत्तीखान्यात घागरी जरा लहान ठेवा. महाराजांना सवय नाही."

असं म्हणून तिनं झाकून ठेवलेली दह्याची वाटी महाराजांपुढं सरकवली. महाराजांनी ती एका दमात संपवली, डोळे पुसले आणि पोट धरधरून हसत सुटले.

"हरलो, पोरी! झरा तुमचा! माझी शिक्षा तेवढी माफ कर!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. "बांधा तुमचा पाट! आणि उद्घाटनाचा नारळ मात्र मीच फोडणार!"

"या की महाराज!" गिरजा म्हणाली. "फक्त या खेपेला पाणी आधी, नारळ मागून!"