मापून केलेली काकवी

उसाच्या मुलखात एक गाव होते आणि त्या गावात सुबराव नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे वेडा नव्हे. सांगितलेले काम तो सांगितल्याबरहुकूम करी. लोकांना तेच सहन होत नसे.

सुबरावाचे मामा हिंदुराव यांचे गावाबाहेर गुऱ्हाळ होते. तिथे उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवून गूळ आणि काकवी करत. मामांना हौसा नावाची मुलगी होती. हौसा सुबरावालाच द्यायची, असे दोघे लहान असताना ठरले होते. आता दोघे मोठे झाले होते आणि मामा काळजीत पडले होते.

सुबरावाची आई मामांची थोरली बहीण. ती म्हणाली, ‘‘शब्द तूच दिलावतास, हिंदू.’’

‘‘दिलावता, आक्का. मागं घेत न्हाई. पण एक हंगाम त्यानं काम धड करून दाखवावं. मग सुपारी फोडू.’’

त्या साली व्यापाऱ्यांनी हट्ट धरला की काकवीच्या डब्यावर साखरेचा आकडा पाहिजे. चाखून सांगितलेले चालणार नाही. मामांनी शहरातून यंत्र मागवले. यंत्राबरोबर एक साहेब आले. यंत्र म्हणजे एक पेटी आणि केसासारखा बारीक काचेचा तंतू. तंतूच्या एका टोकातून उजेड आत जातो आणि दुसऱ्या टोकाशी पोचतो. मधला भाग रसात बुडवला की थोडा उजेड वाटेत झिरपतो. रस जितका गोड, तितका उजेड जास्त झिरपतो. किती हरवला ते पाहून पेटी साखरेचा आकडा दाखवते. निदान मला तरी ते असे समजले आहे. सुबरावाला किती समजले ते सांगता येत नाही, कारण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मान डोलावत होता.

‘‘तंतू रसात बुडवायचा आणि आकडा वाचायचा,’’ साहेब म्हणाले. ‘‘एवढंच काम आहे. यात चुकण्यासारखं काही नाही.’’

सुबरावाने तंतू रसात बुडवला. रस काहिलीत होता आणि काहील चुलवाणावर उकळत होती. तंतूचे आवरण वितळले आणि तंतू गाठी मारल्यासारखा आवळून आला.

‘‘अहो, उकळत्यात बुडवतात का?’’ साहेब म्हणाले. ‘‘आधी वाटीत काढायचं. गार होईपर्यंत थांबायचं. मग पुढचं.’’

‘‘चुकलं साहेब. आता ध्यानात ठेवतो.’’

आणि त्याने ठेवले. ध्यानात ठेवण्यात सुबराव कधी कमी पडला नाही.

साहेबांनी नवा तंतू जोडून दिला. दुसऱ्या दिवशी गूळ तयार झाला. मामांना बाहेर बोलावणे आले, म्हणून जाताना ते ओरडून गेले, ‘‘सुबराव, काहील उतरलीया. गूळ साच्यात घाल.’’

सुबरावाने गूळ वाटीत काढला आणि गार होईपर्यंत थांबला. वाटी गार झाली. काहीलही गार झाली. मामा आले तेव्हा गुळाची एकच ढेप तयार होती आणि ती काहिलीएवढी होती. गड्यांनी पहारी आणल्या.

हौसा न्याहारी घेऊन आली होती. ती म्हणाली, ‘‘काय रं, गूळ केलास का विहीर खणतोयस?’’

मामांनी कपाळाला हात लावला. ‘‘आरं बाबा, चुलीवरनं उतरलं की लगेच ओतायचं. कशाची वाट बघायची न्हाई.’’

‘‘चुकलं मामा. आता ध्यानात ठेवतो.’’

आणि त्याने ठेवले.

दोन दिवसांनी काकवीचे व्यापारी मामांच्या घरी आले. पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. मामींनी स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘‘सुबराव, चहा उतरलाय. पाव्हण्यांना दे. मी कप धुऊन आणते.’’

सुबरावाने कपांची वाट पाहिली नाही.

व्यापाऱ्यांना मामांचे धोतर नेसवून परत पाठवावे लागले. मामा त्यांना पोचवून आले. मग म्हणाले, ‘‘सुबराव, माणसाला आधी इचारावं. पायजे म्हणाला तर द्यावं. नको म्हणाला तर टाकून द्यावं, पण त्याच्या अंगावर न्हाई.’’

‘‘चुकलं मामा. आता ध्यानात ठेवतो.’’

पुढच्या आठवड्यात काकवीचे मोठे पिंप भरून झाले. सुबरावाने वाटीत नमुना काढला, गार केला, तंतू बुडवला. आकडा किंचित कमी आला. तो मामांकडे गेला.

‘‘मामा, काकवी पायजे?’’

‘‘नको रं. डॉक्टरनं गोड बंद केलंय. मला मधुमेह हाय, ठावं न्हाई का तुला?’’

सुबराव गेला आणि त्याने पिंप ओढ्यात ओतले. मुंग्या शेजारच्या गावातूनही आल्या, असे सांगतात.

मामा ओढ्याच्या काठावर बसले. ‘‘माझं ऐक. आकडा कमी आला तर टाकायचं न्हाई, कुणाला इचारायचं न्हाई. परत काहिलीत ओतायचं आणि आटवायचं. साखर आपोआप वाढती. एक थेंब वाया घालवायचा न्हाई. आणि हे जर चुकलास तर हौसाचं नाव काढू नगंस.’’

सुबरावाच्या डोळ्यांत पाणी आले. ‘‘न्हाई चुकणार, मामा.’’

आणि खरोखर तो चुकला नाही. हंगाम संपेपर्यंत जे जे कमी आले ते ते त्याने परत ओतले आणि आटवले. डब्यांवर आकडे चढले. व्यापारी नवे धोतर नेसून आले आणि माल घेऊन गेले. साहेब म्हणाले, शहरातल्या शिकलेल्या पोरांनाही यंत्र इतके साधत नाही. मामांचे मन पालटले. सुपारीचा दिवस ठरला.

त्या दिवशी गुऱ्हाळावर शेवटची काहील चढली होती. पाहुण्यांना जेवायला भाकरी आणि ताजी काकवी द्यायची होती. सकाळी मामांनी सुबरावाच्या हातात एक छोटी कोमट बाटली ठेवली आणि हळूच म्हणाले, ‘‘ही तालुक्याच्या लॅबमधी नेऊन दे. साखर बघायची हाय.’’

दुपारी सगळे जमले. मामा म्हणाले, आधी जेवून घेऊ. आक्का आपल्या मुलाला ओळखून होती. ती म्हणाली, ‘‘आधी सुपारी, मग जेवण.’’ सुपारी फुटली. पेढे वाटले. मग पंगत बसली.

साहेबांनी उत्साहाने आपल्या हाताने काकवीत तंतू बुडवला. ‘‘वा. आकडा चोख आहे. डोळे मिटून खा.’’ आणि त्यांनी बोट चाटले.

पाहुणे म्हणाले, आजच्या काकवीला काही वेगळीच चव आहे. मामांनाही राहवले नाही. आजचा दिवस म्हणून त्यांनी भाकरी काकवीत बुडवून खाल्ली. मग त्यांना डॉक्टर आठवले.

‘‘सुबराव, बाटली लॅबमधी पोचवलीस न्हवं?’’

‘‘लॅबमधी कशाला, मामा? साखर बघायचं यंत्र आपल्याजवळ हाय की. मीच बघितली.’’

‘‘मग? किती निघाली?’’

‘‘लई कमी.’’

मामांचा चेहरा उजळला. ‘‘ऐकलंस का आक्का? लई कमी. हौसा, वाढ गं आणखी काकवी. वाटी भरून वाढ.’’

हौसाने वाटी भरली. मामांनी ती तोंडाला लावून रिकामी केली.

सुबराव म्हणाला, ‘‘तुम्ही काळजीच करू नगासा, मामा. कमी निघाली म्हणून मी बाटली तशीच काहिलीत ओतली. आता आटून बरोबर झालीया. एक थेंब वाया घालवला न्हाई.’’

साहेबांचे बोट तोंडातच राहिले. मामांनी वाटी खाली ठेवली आणि बहिणीकडे पाहिले.

आक्काने ताट हळूच पुढे सरकवले.

‘‘सुपारी मघाशीच फुटलीया, हिंदू,’’ ती म्हणाली.