बिडाचा तवा आणि भोळा महिपती

वडजाई गावात एक भोळा दलाल होता. महिपती त्याचं नाव. आपला महादेवही भोळाच, पण त्याला निदान तिसरा डोळा आहे. महिपतीला होते दोनच, आणि त्या दोन्हींनी तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. सांगितलेलं तंतोतंत करायचं, एवढंच त्याला ठाऊक.

त्याची बायको अनसूया सोमवार करायची. या श्रावणात तिने महादेवाला एकच साकडं घातलं होतं, नवरा माझ्या डोळ्यांपुढे राहू दे. कारण तिचा थोरला भाऊ भिवाजी येऊन सांगून गेला होता, "अनू, श्रावणभर थांबतो. तोवर दाजींनी एक तरी तवा विकला तर उत्तम. नाहीतर शेवटच्या सोमवारी मी त्यांना माझ्या कोंबड्यांच्या शेडवर घेऊन जाणार. लांब आहे खरं, पण पोटाला तरी मिळेल."

तवा म्हणजे केरबा ओतारींचा बिडाचा तवा. केरबा तालुक्याच्या गावी बीड वितळवून तवे ओतायचे आणि त्यांची सून सुलभा ते मोबाइलवरून विकायची. तिनेच महिपतीला दलालीचं काम दिलं होतं.

"लोक मोबाइलवर काहीबाही शोधतात ना भाऊ, तिथे तुम्ही आपल्या तव्याची जाहिरात लावायची. जाहिरातीवर बोट लावून कोणी आत आलं आणि तवा घेतला, की दलाली तुमची. मात्र शब्द नीट निवडा. तो शब्द शोधणाऱ्यालाच जाहिरात दिसते."

"तवा कसला म्हणालात?"

"बिडाचा."

महिपतीने घरी येऊन शब्द निवडला. बीड.

झालं. कोणी बीडची एसटी शोधत होतं, कोणी बीडला पाऊस पडला का ते बघत होतं, कोणाला बीडकडची मुलगी करायची होती. जो तो जाहिरातीवर बोट लावून आत यायचा आणि काळा कुळकुळीत तवा बघून परत फिरायचा. प्रत्येक बोटामागे महिपतीचे पैसे कटायचे. अनसूयेने ब्लाउज शिवून साठवलेले पैसे बघता बघता संपत आले.

"मुलगी शोधणाऱ्यानेही तवा बघितला गं," महिपती म्हणाला. "पत्रिका जुळली नसेल."

सुलभाने कपाळाला हात लावला. "अहो भाऊ, बीड गाव वेगळं आणि बीड धातू वेगळा. नको ती माणसं ज्या शब्दाने येतात, तो शब्द नकाराच्या यादीत टाकायचा. म्हणजे ती फिरकत नाहीत."

"बरं ताई. पुढच्या खेपेला तसंच करतो."

महिपतीचा शब्द म्हणजे शब्द. पुढच्या खेपेला एका बाईंचा फोन आला. "बिडाचा तवा घ्यायचाय. पण भाव जरा कमी करा की. आणि जड फार नाही ना?"

महिपतीला वाटलं, घासाघीस करतात, वर नाकं मुरडतात, नको ती माणसं म्हणजे हीच. त्याने विचारलं, "बाई, तुम्ही कोणता शब्द टाकून आलात?"

"बिडाचा तवा."

त्याने 'बिडाचा तवा' नकारात टाकला. तेव्हापासून बिडाचा तवा शोधणाऱ्या एकाही माणसाला त्याची जाहिरात दिसेना.

"अगं, नको तो माणूस एकसुद्धा येत नाही आता," तो अनसूयेला म्हणाला.

अनसूयेला त्यातलं काही कळलं नाही. पण नवऱ्याचा चेहरा फुललेला बघून तिने देवापुढे साखर ठेवली.

सुलभाला मात्र कळलं. ती म्हणाली, "भाऊ, ते गिऱ्हाईक होतं. आलेल्या माणसाला नकार देऊ नये, इकडेतिकडे फिरवत बसूही नये. आला की सरळ तव्यापुढे उभा करायचा."

"बरं ताई. पुढच्या खेपेला तसंच करतो."

पुढच्या खेपेला भिवाजी आला. धंदा कसा चाललाय ते बघायला आला होता बिचारा. अनसूया चुलीपाशी सोमवारचा नैवेद्य करत होती. महिपतीने मेहुण्याला उंबऱ्यातच मनगटाला धरलं आणि चपलांसकट ओढत थेट चुलीपुढे नेलं. तवा सणसणीत तापलेला.

"दाजी, घोटभर पाणी तरी..."

"आधी तवा."

"दाजी, चपला..."

"तवा बघा."

भिवाजी तवा बघायला वाकला आणि त्याच्या मिशीला धग लागली. स्वयंपाकघरात जळक्या केसांचा वास सुटला, नैवेद्य पुन्हा करावा लागला. भिवाजी मिशी चोळत उठला. "शेवटच्या सोमवारी जीप घेऊन येतो," म्हणाला आणि पाणी न पिताच गेला.

अनसूयेच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती रागावली नाही. "अहो, माणूस आलं की आधी या म्हणावं, बसा म्हणावं. पाणी द्यावं, खुशाली विचारावी. कामाचं बोलणं अगदी शेवटी."

"बरं गं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

आणि त्याने जाहिरात नव्याने लिहिली. 'या. बसा. पाणी घ्या. प्रवास बरा झाला ना? घरी सगळी बरी? आई कशी आहे?' तव्याचं तो अगदी शेवटी लिहिणार होता, पण जाहिरातीची जागा आईपाशीच संपली.

माणसं आली मात्र भरपूर. इतक्या मायेने मोबाइलमध्ये कोण विचारतं? एका आजोबांनी फोन करून दोन्ही गुडघ्यांची हकिगत सांगितली, आधी डाव्याची, मग उजव्याची. एक सासू सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आली, आणि थोड्या वेळाने तिची सून. अनसूयेने दोघींचं ऐकून घेतलं, दोघींना सोमवार धरायला सांगितलं. तवा कोणीच मागितला नाही, कारण इथे तवा मिळतो हे कोणाला कळलंच नाही.

सुलभा आधी हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "भाऊ, जाहिरात आता मीच लिहिते. तुम्ही फक्त बोली सांभाळा. जाहिरातीची एकच जागा चौघांना हवी असते, तिथे ज्याची बोली चढी त्याला मान. दुसऱ्याने चढवली की आपण त्याच्यावर चढवायची, मागे हटायचं नाही. आणि भ्यायचं नाही. नुसतं बघितलं तर फुकट, बोट लागलं तरच पैसे कटतात."

"बरं ताई. पुढच्या खेपेला तसंच करतो."

शेवटचा सोमवार उजाडला. संध्याकाळी भिवाजीची जीप महादेवाच्या देवळासमोर उभी राहिली. अनसूयेने नवऱ्याच्या कपड्यांचं गाठोडं जीपमध्ये ठेवलं आणि ती देवापुढे डोळे मिटून बसली. बाहेर सभामंडपात दरवर्षीसारखा मानाच्या नारळाचा लिलाव सुरू झाला. नारळ ताम्हनात ठेवून यादव गुरव म्हणाले, "चला मंडळी, बोली लावा."

बोली हा शब्द कानावर पडताच महिपतीने कान टवकारले.

सरपंच म्हणाले, "एक्कावन्न."

"एकशे एक," महिपती म्हणाला.

सरपंच हसून गप्प बसले. "एकशे एक, एक वार," गुरव म्हणाले.

"दोनशे एक."

"अरे, तुझ्यावर कोणी चढलेलं नाही."

"चढायच्या आत म्हणतो. पाचशे एक."

"महिपती, ही बोली तुझीच आहे."

"असू दे. मागे हटायचं नाही. पाच हजार एक."

भिवाजी धावत आला. "दाजी, कोणाशी भांडताय? समोर माणूस कुठाय?"

"तोच तर धोका," महिपती म्हणाला. "दहा हजार एक."

भिवाजी मटकन पायरीवर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे त्याची शेड आली, अंड्यांचे व्यापारी आले, आणि त्या व्यापाऱ्यांपुढे उभे असलेले दाजी आले. तो उठला, जीपमधलं गाठोडं काढून त्याने बहिणीच्या मांडीवर ठेवलं.

"अनू, दाजी इथेच बरे. तवा विको न विको, मी विचारणार नाही. लागेल ते धान्य मी पाठवीन. फक्त त्यांना माझ्या शेडच्या वाटेला येऊ देऊ नकोस."

अनसूयेने पिंडीवर डोकं टेकवलं. देव कोणाच्या तोंडून काय बोलवून घेईल, सांगता येत नाही.

गुरव समजूतदार. "सरपंचांवर चढलेली बोली एकशे एकची, तेवढीच धरू," ते म्हणाले. अनसूयेने पदराची गाठ सोडून पैसे ठेवले. मग गुरवांनी ताम्हन पुढे केलं. "घे बाबा. फोड नारळ आणि वाट सगळ्यांना."

महिपतीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "बोट लावू नका कोणी. बोट लागलं की पैसे कटतील."

तो ताम्हनापुढे आडवा बसला. हळूहळू अख्खं गाव रांगेत उभं राहिलं. सगळ्यांत पुढे अनसूया, दिवसभराची उपाशी, ओंजळ पसरून.

"अहो, मला तरी प्रसाद द्या. उपास सोडायचाय."

महिपतीला बायकोची माया आली. त्याने ताम्हन अलगद उचललं, तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाला, "पोटभर बघ. फुकट आहे."