भोकांचं महावस्त्र

"शिवणीवरून कापा, असं तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"मावशी, ते आपलं काम कात्रीनं फाडत होते. आणि तुम्ही त्यांना कसं कापायचं ते शिकवत होता?"

तानीबाई आपल्या घराच्या पायरीवर बसून होती. पासष्ट वर्षांची, गोधड्या शिवून बोटं वाकडी झालेली. ऋजुता शहरातल्या कलाशाळेची सुवर्णपदकवाली. गेली तीन वर्षं याच बाईकडे टाका शिकत होती.

"तिरकं कापलं असतं, तर शेजारणीचाही तुकडा गेला असता," तानीबाई म्हणाली.

सकाळची गोष्ट. गावदेवीच्या उत्सवासाठी ऋजुतानं महावस्त्र केलं होतं. चाळीस बायकांच्या रोजच्या लुगड्यांचे हातभर पदर एकाला एक जोडलेले. घाम पुसलेले, मूल झाकलेले, चुलीवरची भांडी उतरवलेले. देवीच्या खांद्यावरून पायऱ्यांपर्यंत पसरेल एवढं मोठं. आठ महिने लागले होते.

मंदिराच्या मंडळानं आधी कौतुक केलं. मग भर मंडपात अध्यक्षांनी कात्री मागवली. अकरा पदर कापून काढले. अकरा विधवांचे. उरलेलं भोकांचं वस्त्र तसंच परत दिलं.

"देवीच्या अंगाला विधवेचं लुगडं लागायचं नाही म्हणे!" ऋजुताचा आवाज चिरकला. "अहो, देवीला तरी कुठं नवरा आहे?"

तानीबाईनं ओट्यावरच्या घडीकडे पाहिलं.

"तुमचाही पदर कापला, मावशी! राग कसा येत नाही तुम्हाला?"

"माझा पदर पुजाऱ्यानं उचलला," तानीबाई हळू म्हणाली. "समईची काजळी पुसली त्यानं. माझ्यासमोर. देवीच्या अंगाला चालला नाही, काजळीला चालला."

तिनं ऋजुताकडे वळून पाहिलं.

"राग तुलाच येतो होय गं?"

ऋजुतानं मान खाली घातली.

"मला एक सांग," तानीबाई म्हणाली. "चाळीस पदरांतले विधवांचे कोणते, हे त्यांना कळलं कसं? जुनेर तर सगळ्यांचं सारखंच."

"मी... वस्त्राशेजारी यादी लावली होती."

"काय लिहिलं होतंस?"

"कोणता पदर कुणाचा. नाव. वय."

"अन्?"

"सधवा... विधवा."

"कशापायी?"

"लोकांना कळावं म्हणून."

"कळलं."

मंदिराकडून संबळ ऐकू येऊ लागला. तासाभरात पालखी निघणार होती.

ऋजुतानं डोळे पुसले आणि ती ताठ उभी राहिली.

"ठीक आहे. चूक माझी. पण मी सोडणार नाही. हे वस्त्र असंच नेते. भोकांसकट. शहरात मोठ्या दालनात लावते. वर्तमानपत्रात येईल. लाज वाटली पाहिजे त्यांना."

"कुणाला?"

"अध्यक्षांना. पुजाऱ्याला."

"ते येणार आहेत तिथं बघायला?"

"...नाही."

"मग कोण येणार?"

"कलेतली माणसं."

"त्यांनी काय केलंय?"



तानीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. ओट्यावर घडी करून ठेवलेलं वस्त्र तिनं उलगडलं. अकरा चौकोनी भोकं. त्यांतून खालची सारवलेली जमीन दिसत होती. वाकड्या बोटांनी तिनं कडा चाचपल्या. काठाजवळच्या भोकापाशी थांबली. तिथं तिचा पदर होता.

तिनं ते भोक दोन्ही हातांनी फाकवलं आणि त्यात डोकं घातलं.

चाळिशीतल्या, सत्तरीतल्या बायकांचे पदर तिच्या खांद्यावरून खाली ओघळले. मागं लांबच लांब पसरले.

"मावशी, नको!" ऋजुता धावली. "काढा ते, मळेल... ते..."

"ते काय?"

"ते देवीचं आहे!"

बोलून गेली, आणि तिथंच थबकली. हात तसाच हवेत राहिला.

तानीबाई तिच्याकडे पाहत होती. रागानं नाही.

मग तिनं खांद्यावरची चुणी सरळ केली, आणि मंदिराच्या वाटेकडे तोंड केलं.

"दहा जागा रिकाम्या आहेत," ती म्हणाली. "जा, बायांना हाक मार."