उंच राहिलेली टोकं

एकदा एक बाई लेथ शिकायला निघाली आणि शेजारीपाजारी हसायला मोकळे झाले. ही बाई एका व्यापाऱ्याच्या गोदामातून पाण्याचे पंप गावोगाव रवाना करण्याचं काम बावीस वर्षं करत होती. पितळेचं एक छोटं वाफेचं इंजिन आपल्या हाताने घडवायचं, एवढाच तिचा छंद. त्यासाठी तिने टेबलावर मावेल असा, धातू फिरवून कापायचा जुना लेथ घेतला, गावातल्या एका वृद्ध कारागिराला, आबांना, गुरू केलं आणि लेथ त्यांच्याच पडवीत मांडला. लोकांनी खुशाल हसावं; हसायला कुठे काही शिकावं लागतं?

एका रविवारी ती गुरूंकडे आली तेव्हा तिच्या पर्समध्ये व्यापाऱ्याने दिलेला टाइप केलेला एक कागद होता. ‘माझ्या कामात वारंवार चुका होतात, हे मला मान्य आहे,’ असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली सहीची जागा कोरी होती. सोमवारी सही दिली की तिला खालच्या कामावर बसवून तिच्या खुर्चीत वर्षापूर्वी गोदामात आलेला व्यापाऱ्याचा भाचा बसणार होता. सही करायचं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. चुका झाल्या होत्या, हे तर खरंच होतं.

त्या दिवशी लेथनेही तिची परीक्षा पाहायचं ठरवलं होतं. कापणारं हत्यार ज्या स्लाइडवर बसतं, ती स्लाइड मधोमध आली की डुगडुगायची. तिला घट्ट धरायला बाजूने एक बारीक पट्टी आणि तीन स्क्रू असतात. बाईने स्क्रू आवळले. मधलं डुगडुगणं थांबलं, पण दोन्ही टोकांना स्लाइड अशी अडकली की हँडल फिरेना. स्क्रू सैल केले, तर टोकांना ती लोण्यासारखी सरकली आणि मधे पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाईचा धीर सुटला.

“आबा, हा मधला भागच खराब आहे. भंगारात घाला हा लेथ.”

आबांनी स्लाइड उतरवली, एका सरळ लोखंडी पट्टीला निळा रंग लावला आणि ती पट्टी स्लाइडच्या मार्गावरून फिरवली. जागा जिथे उंच असेल तिथे रंग लागतो. दोन्ही टोकं निळी झाली, मधला भाग कोरा राहिला. मग आबांनी धारदार स्क्रॅपर उचलला आणि ती सुरेख, नवीकोरी टोकंच खरवडायला घेतली.

“अहो आबा, काय करताय? तेवढीच तर जागा चांगली आहे!”

“कोणी सांगितलं?”

“दिसतंय की. कारखान्यातून आला तेव्हाच्या खुणासुद्धा गेलेल्या नाहीत.”

“का गेल्या नाहीत?”

बाई वाकून त्या खुणा पाहू लागली.

“कारण त्यांच्या अंगावर कधी काम पडलंच नाही,” आबा म्हणाले. “हत्यार कापतं ते मधे. सगळा भार मधल्याने सोसला, म्हणून तो झिजला आणि झिजला म्हणून हलतो. आणि तू स्क्रू पिळतेस तेही त्याच्याच नावाने! बाई गं, झिजलेल्या जागी लोखंड परत भरता येत नाही. जे नुसते उंच बसून राहिले, त्यांना खाली आणावं लागतं. स्क्रूला हात लावायचा तो त्यानंतर.”

त्यांनी स्क्रॅपर तिच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत तिने टोकं खरवडली, पुसली, पुन्हा रंग लावून पाहिला, पुन्हा खरवडली. शेवटी निळे ठिपके या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे उमटले. मग तिने पट्टी बसवली, स्क्रू जरा जरा करून आवळले, तेलाचे दोन थेंब सोडले. स्लाइड सगळीकडे एकाच चालीने सरकली. त्या लेथवर कापलेला पितळी दट्ट्या इंजिनाच्या नळीत अलगद उतरला. बाईला आनंद झाला, आणि मग राग आला. बावीस वर्षांत तिला एवढा राग आला नव्हता, आणि तो तिला फार आवडला.

सोमवारी तिने तो कागद सहीशिवायच व्यापाऱ्यासमोर ठेवला.

“सही कुठाय?” व्यापाऱ्याने विचारलं.

“करणार नाही. गोदामातला सगळा माल मी एकटी रवाना करते, म्हणून चुकाही माझ्याच निघतात. तुमच्या भाच्याची एकही चूक नाही, शेठ. त्याने वर्षभरात केलं काय, ते एकदा विचारा.”

“नोकरी जाईल, बाई.”

“नोकरी तुमच्या हातात आहे. सही माझ्या.”

व्यापारी चिडला. “माझा भाचा दाखवेल करून!” असं म्हणत त्याने निम्म्या ऑर्डरी भाच्याच्या टेबलावर आपटल्या. संध्याकाळपर्यंत त्यातले दोन पंप भलत्याच गावांना रवाना झाले. भाचा घाम पुसत आला. “ताई, एवढं निस्तरता का?”

“नाही,” बाई म्हणाली. “माझ्या चुका मी निस्तरते. तुझ्या तू निस्तर.”

व्यापाऱ्याने हे ऐकलं. दुसऱ्या दिवशीही निम्म्या ऑर्डरी भाच्याच्याच टेबलावर होत्या. बाई तिच्या खुर्चीत होती.

जो चुकतो त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी, जो कधीच चुकत नाही त्याचे हात पाहावेत.

तो कागद बाईने परत मागून घेतला. आता तो आबांच्या पडवीत लेथखाली अंथरलेला असतो. तेल छान टिपतो.