जाहीर कानउघाडणी

"महाराज, मी खोटं बोललो का, तेवढंच सांगा."

केवळनाथ धुनीतली राख चाळत होते. चाळणी थांबली नाही.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? सभेत. सगळ्या राज्याला माहीत झालंय."

"मी डोंगरावर असतो. मला तू सांग."

विश्वंभरराव टेकाळे धुनीपाशी खाली बसले. बसताना गुडघे कुरकुरले, तेही कुरकुरले. सगळा मुलूख त्यांना आप्पा म्हणतो. पक्ष त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सायकलवर गावं पालथी घालून उभा केला. सोबती गेले, सायकली गेल्या, आप्पा तेवढे राहिले.

पुढाऱ्यांना या मठाची वाट एरवी प्रचार सुरू व्हायच्या आधी सापडते, नवस बोलायला. आप्पा मात्र भर प्रचार सोडून, ऐन दुपारी डोंगर चढून आले होते. कार्यकर्त्यांना त्यांनी खाली गाडीपाशीच थांबवलं होतं.

"शिवदासबद्दल बोललो."

"आपला शिवदास?"

'आपला' या शब्दावर आप्पा अडखळले.

"हो... तोच."

शिवदास इंगोले हा पक्षाचा मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार. त्याचा बाप आप्पांच्या जीपवर ड्रायव्हर होता. बाप वारला तेव्हा आप्पांनी पोराला घरी आणलं, खाऊ-पिऊ घातलं, शिकवलं. भाषण करायला तर याच डोंगरावर शिकवलं. आप्पा खाली ओढ्यात उभे राहायचे आणि शिवदास वरून बोलायचा. "ऐकू येत नाही!" असं आप्पा खालून ओरडायचे, की तो आणखी आवाज चढवायचा. पुढे त्या आवाजानं सभा जिंकल्या. आप्पा कुठल्यातरी कोपऱ्यात बसून त्या ऐकायचे आणि शेजारच्याला कोपरखळी मारायचे, की बघा, आमचं पोरगं.

"काय बोललास त्याच्याबद्दल?"

"खरं तेच बोललो. दुष्काळात कालव्याचं पाणी यानं स्वतःच्या कारखान्याकडं वळवलं. शेवटच्या गावांत बायका हंडे घेऊन वणवण फिरत होत्या, आणि हा सभागृहात उभा राहून सांगत होता, पाणी पोचलं म्हणून. मी माईकवरून लोकांना म्हणलो, हा माणूस तुमचं पाणी चोरतो. राज्य द्यायच्या लायकीचा नाही. याला मत देऊ नका."

"तो कुठं होता तेव्हा?"

"स्टेजवरच. माझ्या खुर्चीला खुर्ची लावून."

...

"मला त्याचा हात धरून वर करायचा होता, महाराज. सभेचा शेवट तसाच ठरलेला. फोटोवाले पुढं येऊन उभे राहिले होते. मी माईकपाशी गेलो तर तो हसायला लागला. त्याला वाटलं, आप्पा आधी चार शब्द चेष्टेचे बोलणार आणि मग कौतुक करणार. मी नेहमी तसंच करायचो ना..."

आप्पांनी धोतराचा सोगा मांडीवर सारखा केला.

"मी चोर म्हणलो, तरी तो जरा वेळ हसतच होता."

केवळनाथांच्या हातातली चाळणी थांबली.

"खोटं नाही बोललास," ते म्हणाले.

"मग माझं चुकलं काय?"

"चुकलं असं कोण म्हणलं?"

"कुणीच नाही. लोक पाया पडतात. पेपरवाले धाडस म्हणतात. वाटेत गावागावांनी गाडी अडवून हार घातले."

"मंग इथं कामून आलास?"

विधानसभेत ज्यांना भलेभले गप्प करू शकले नाहीत, ते आप्पा धुनीतल्या लाकडाकडे बघत राहिले. वाईट वाटावं असंच ते बघणं होतं.

"एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही," शेवटी ते म्हणाले. "माझं बोलून झालं आणि मंडपात एकच कालवा उठला. खुर्च्या उडाल्या. शिवदास उठून माझ्याकडं आला. मला वाटलं, आता हा माझ्या अंगावर येतो. आला... आणि वाकून पाया पडला. सवयीनं. सभा संपली की तो पडतोच."

"आणि तू?"

"मी पण सवयीनं डोक्यावर हात ठेवला."

"काही म्हणलास?"

...

"विजयी हो म्हणलो."

दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याचा हा किस्सा असता, तर तालुक्याच्या चहाच्या टपरीवर वर्षभर पुरला असता. इथं कुणाला हसू आलं नाही.

"आता सांगा, महाराज. खोटं कोणतं? माईकवरचं, का हे?"

"तुला काय वाटतं?"

"दोन्ही अगदी मनापासून बोललो हो मी. तिथंच तर अडकलोय."

केवळनाथांनी चाळलेली राख एका मडक्यात भरली. वरून फडकं बांधलं. त्यांना घाई कशाचीच नव्हती.

"पाण्याचं त्याला आधी बोलला होतास?"

"कानावर घातलं होतं."

"कुणी?"

"म्हणजे... आमच्या जिल्हाध्यक्षांकरवी घातलं होतं. मग एका आमदाराला म्हणलं, जरा बघा, शिवदासच्या कानावर घाला."

"त्यांनी घातलं?"

"घातलं असेल."

"तू स्वतः?"

...

"आमच्यात तसं बोलत नाहीत, महाराज. अवघड गोष्ट असली की कुणाकडून तरी कानावर घालायची, अशी आमच्या पक्षात रीत आहे."

"तुझ्या घरात वाढलेलं पोरगं. एका ताटात जेवलेलं. त्याच्याशी बोलायला तुला जिल्हाध्यक्ष लागला?"

आप्पांनी मान खाली घातली.

"कामून नाही बोललास, विश्वंभर?"

"वेळ नव्हता."

केवळनाथ नुसते बघत राहिले.

"तो सारखा दौऱ्यावर..."

केवळनाथ बघत राहिले.

"भीती वाटली," आप्पा म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "मी सांगितलं असतं आणि त्यानं ऐकलं नसतं तर? नाही सांगितलं तोवर तो माझं ऐकणारा होता, महाराज. सांगून बघितलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तर मग मी कोण उरलो असतो? एक म्हातारा... मंडपात पुढच्या खुर्चीवर बसवायचा."

हे आप्पांनी आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले.

मग सवयीप्रमाणे सावरून म्हणाले, "पण पेपरात चांगलं आलंय. आप्पांनी केली उमेदवाराची जाहीर कानउघाडणी, असं मोठ्या अक्षरांत."

"जाहीर?"

"हो. जाहीर."

केवळनाथ हसले. कानफाटे जोगी ते. त्यांच्या गुरूनं आधी कानात मंत्र सांगितला आणि मग कानाची पाळी चिरून त्यात कुंडल घातलं. दोन्ही वेळी गुरू अगदी जवळ होता, असं ते सांगतात.

त्यांनी उजव्या कानातलं जड कुंडल बोटानं बाजूला केलं आणि मान आप्पांकडे कलती केली.

"ये. जवळ सरक. सभेत बोललास तेच माझ्या कानात सांग."

"त्याच्यानं काय होणार?"

"तोंडपाठ आहे ना तुला? मंग सांग की."

आप्पा सरकले. हाताचा आडोसा करून त्यांनी तोंड कानाशी नेलं. या वयात हे पोरखेळ कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"हा माणूस..."

"कोण माणूस? इथं तिसरं कुणी नाही. कान शिवदासचा आहे असं समज. बोल."

"हा माणूस तुमचं..."

आप्पा थांबले. पुन्हा सुरुवात केली.

"तू... तू लोकांचं पाणी..."

...

कानात 'हा माणूस' म्हणता येत नव्हतं. 'लायकीचा नाही' तर तोंडातच येईना.

"शिवा," आप्पा म्हणाले. "ते पाणी सोड रे बाबा. माणसं तहानेनं कासावीस झालीत. तुझा बाप त्याच गावातला ना रे? कारखान्याचं बघू आपण, काहीतरी करू. मी आहे ना. पण पाणी सोड... माझ्यासाठी सोड."

एवढं बोलून ते बाजूला झाले आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडायला लागले. मोठ्या सभा गाजवलेल्या माणसाचं रडणं इतकं लहान असतं, हे बघवत नाही.

केवळनाथांनी कुंडल पुन्हा सरळ केलं.

"यातलं एक तरी वाक्य सभेत होतं?"

आप्पांनी नकारार्थी मान हलवली.

"एवढं ऐकून त्यानं पाणी सोडलं असतं?"

"सोडलं असतं," आप्पा लगेच म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "नसतंही सोडलं कदाचित. आता कसं कळणार?"

"आता नाही कळणार."

आप्पा डोळे पुसून उठायला लागले.

"मी जातो त्याच्याकडं. आत्ताच जातो. बंद खोलीत बसवतो आणि तुमच्या कानात बोललो तसंच्या तसं बोलतो."

"तो म्हणंल, आप्पा तडजोडीला आले."

"शिवदास तसं म्हणणार नाही."

"राजकारण त्याला कुणी शिकवलं?"

...

आप्पा पुन्हा बसले.

शिवदासला त्यांनीच शिकवलं होतं, की कालचा विरोधक आज बंद खोलीत बोलायला आला, तर समजावं त्याला काहीतरी हवंय. तसे चांगले धडे होते ते. बरीच माणसं त्या धड्यांवर आमदार झाली.

"अजून एक आहे, महाराज. पक्षाचा निरोप आलाय. आज संध्याकाळच्या आत पत्रकारांना बोलावून सांगायचं, माझ्या विधानाचा विपर्यास केला. सांगितलं तर सगळं पोटात घालतील. नाही सांगितलं तर पक्षातून काढणार."

"विपर्यास म्हणजे?"

"म्हणजे... मी बोललो ते मी बोललो नव्हतो, असं."

"असा पण शब्द आहे?"

"आमच्यात सगळे वापरतात. माझ्यामुळंच रूढ झालाय म्हणा ना." आप्पांना स्वतःचीच लाज वाटली. "काय करू? तो शब्द उच्चारला की शिवदास वाचतो. निवडून येतो. मी पण माझ्या घरात राहतो... पक्ष म्हणजे माझं घरच, महाराज. त्याच्याबाहेर मला कुणी ओळखतसुद्धा नाही."

"पाणी चोरलं ना त्यानं?"

"चोरलं."

"बायका फिरल्या ना हंडे घेऊन?"

"फिरल्या. मी बघितल्यात."

"मंग तो शब्द म्हणू नकोस."

"पक्षातून काढतील मला."

"काढतील."

"आणि तो पडेल."

"पडंल."

"पुन्हा माझ्या दारात येणार नाही."

"नाही येणार."

एवढी सरळ उत्तरं आप्पांना गेल्या कितीतरी वर्षांत कुणी दिली नव्हती. ते धीर देणारं काहीतरी ऐकायला आले होते. केवळनाथांना त्यांची दया येत होती, ती डोळ्यांत दिसत होती. पण जिभेवर त्यांनी ती येऊ दिली नाही.

"बरं," आप्पा म्हणाले. "नाही म्हणत तो शब्द."

हे म्हणताना त्यांचा आवाज स्थिर होता. मग ते उठले. जायच्या आधी मठातल्या मूळ नाथांच्या समाधीला हात लावून जायचं, ही त्यांची कायमची पद्धत. चपला मघाशीच काढलेल्या होत्या. टोपी सारखी करून ते समाधीच्या दाराकडे वळले.

केवळनाथांनी बसल्या जागेवरून आपला लांब चिमटा उचलला आणि उंबऱ्यावर आडवा ठेवला.

"आज आत नको."

"कामून?"

"सुतकात देवाला शिवत नाहीत."

आप्पा गोंधळले.

"मला कुणाचं सुतक, महाराज? घरात सगळे बरे आहेत. माझं तर कुणी..."

वाक्य तिथंच राहिलं.

डोंगराखाली कार्यकर्ते कंटाळले असावेत. त्यांनी आप्पांच्या नावाच्या घोषणा सुरू केल्या. आवाज वरपर्यंत येत होता. आप्पा उंबऱ्याबाहेर उभे होते आणि त्या आवाजाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी टोपी काढली. दाराबाहेरूनच, हात न लावता, वाकून नमस्कार केला.

"किती दिवस पाळायचं?" त्यांनी विचारलं.

केवळनाथांनी धुनीत एक लाकूड पुढे सारलं...

"तो जिवंत आहे तोवर."