तिमव्वाची टाकी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. धोंडजरीला तेव्हा रस्ता नव्हता, पिठाची गिरणी नव्हती, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय हे पाट्यावरच्या आवाजावरून अख्ख्या आळीला कळायचं. लसणाचा आवाज वेगळा, ओल्या खोबऱ्याचा वेगळा. सासू-सुनेचं वाजलेलं असलं तर फारच वेगळा.

गावामागं काळ्या दगडाची टेकडी आहे. सुगी संपली की त्या टेकडीला वळसा घालून एक बाई गावात यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत हातोडी आणि चार-पाच टाक्या. टाकी म्हणजे दगडावर ठिपके पाडायची पोलादी छिन्नी. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मिरची त्याच्यावर नुसती घसरते, वाटली म्हणून जात नाही. मग पाट्याला नव्यानं टाकी घालून घ्यावी लागते. ती बाई वडाराची, नाव तिमव्वा. कुठून यायची आणि कुठं जायची हे कुणाला धड सांगता यायचं नाही. वेशीतून तिची हाळी ऐकू आली की बायका पाटे उचलून अंगणात आणायच्या.

टाकी घालणारे तसे आणखीही यायचे. ते रांगेनं ठिपके पाडायचे, ओंजळभर जोंधळे घ्यायचे आणि पुढचं घर गाठायचे. तिमव्वाचं तसं नव्हतं. ती पाटा पुढ्यात ओढून घ्यायची, त्यावर पाणी शिंपडायची, आणि हातोडी उचलायच्या आधी घरच्या बाईला विचारायची, "काल काय बगितलंस?"

उत्तर येईपर्यंत ती स्वस्थ बसून राहायची. एकीनं वैतागून सांगितलं, बाईमाणसानं काय बघायचं, चूल बघितली. तिमव्वानं विचारलं, जाळ कुठल्या अंगाला कलला होता? त्या बाईला सांगता येईना. जन्म चुलीपुढं गेला, पण जाळ तिनं बघितलाच नव्हता. ती आत गेली, खाली बसून नीट बघून आली आणि म्हणाली, भिंतीकडं. मग तिमव्वाची हातोडी चालू झाली, आणि पाट्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी भिंतीकडं कललेला जाळ उमटला. असं म्हणतात, की त्या पाट्यावर वाटलेली चटणी हाताला कोमट लागायची.

वर्षभरात ते चित्र झिजून जायचं. तिमव्वा परत यायची आणि परत विचारायची. तिला सांगायला काहीतरी हवं म्हणून धोंडजरीच्या बायका बघायला लागल्या. आडावरच्या दोराचे कठड्यावर पडलेले वळ, वाळत घातलेल्या शेवयांची सावली, म्हशीच्या कपाळावरचा भोवरा. एकदा बघायची सवय लागल्यावर ते पाट्यापुरतं थोडंच राहतं? गोधडीचे टाके सरळ जायचे ते वळणं घ्यायला लागले. कणगी सारवताना बोटांची नक्षी आली. बुरडानं टोपलीच्या काठाला हिरव्या कांबीची एक ओळ जास्तीची घातली. कुणी विचारलं तर म्हणाला, बायको बघती ना, मग मलाबी दिसाया लागलं.

अशा गावात कौसा लग्न होऊन आली. तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. पहिल्या वर्षी तिमव्वानं विचारलं तेव्हा तिला वाटलं, ही बाई चेष्टा करतेय. सासू दारात उभी, त्यामुळं जास्तच घाबरायला झालं. मग तिनं हळूच सांगितलं, की परसात भोपळ्याच्या वेलाची तार काल काठीला पोचली नव्हती, आज सकाळी पोचलीय. तिमव्वानं मान वर केली आणि तिच्याकडं नीट बघितलं.

"किती वेढं घेतलं तारेनं?"

"अजून एकच. आणि तेबी सैल."

तो सैल वेढा पाट्यावर आला. कौसा वाटायला बसली की तिला वाटायचं, ह्या घरात आपलं असं एवढं एक आहे.

पुढं तिला मुलगी झाली. तानी नाव. तानी बोलायला लागली आणि घरात कुणाला बोलायला जागा राहिली नाही. एका वर्षी तिमव्वानं कौसाला विचारलं, तर आईच्या आधी तानीच पुढं आली. काल तिनं मुंगळा बघितला होता. त्यानं आपल्यापेक्षा मोठा भाकरीचा तुकडा धरला होता, आणि तो मागं मागं चालत होता.

"मागं बगून चालत हुता का पुढं?" तिमव्वानं विचारलं.

तानीनं विचार केला. "तुकड्याकडं बगून."

तिमव्वा पोट धरून हसली. मग तिनं पाट्याच्या मधोमध तो मुंगळा काढला, तुकड्याकडं बघून मागं चालणारा. तानीनं बोट फिरवून त्याचे पाय तपासून घेतले.

त्याच पावसाळ्यात तापाची साथ आली. तानी गेली.

कौसा रडली ते रडली, पण पुढं तिचं रडणंही थांबलं. ती जेवायची, पाणी आणायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. फक्त तो पाटा तिनं धुऊन, पुसून भिंतीला उभा केला आणि वरवंटा उतरंडीमागं ठेवून दिला. वाटलं तर मुंगळा झिजणार होता. त्या घरात चटणी होईना, कालवणाला वाटण मिळेना. सासूनं शेजारून पाटा आणला, तर कौसा त्या आवाजानं उठून बाहेर जायची. नवरा शिदू भाकरीबरोबर नुसता कांदा खायचा. कौसाची सावली पातळ झाली, असं म्हणतात. उन्हात उभी राहिली तरी जमिनीवर धड पडायची नाही. म्हाताऱ्या आपसात म्हणायच्या, ही पोर काही पुढची सुगी बघत नाही.

सुगी झाली, तिमव्वा आली. सासूनं तिला दारातच गाठलं आणि सांगितलं, की त्या पाट्याला नवी टाकी घाल, जुनं सगळं पुसून टाक, म्हणजे माझी सून माणसांत येईल. कौसानं ते आतून ऐकलं. ती पाट्यापुढं येऊन बसली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

"पुसू नको. खोल घाल. कधीच झिजणार न्हाई, एवढं खोल."

तिमव्वा तिच्यासमोर जमिनीवर बसली. "खोल टाकीत चटणी अडकती, लेकी. धुतली तरी निगत न्हाई. आत आंबती, वास मारती. वास मारनारा पाटा कुनी घरात ठेवतं का?"

"मग झिजू दे म्हनतीस?"

"मी कशाला म्हनू? पाटा तुजा हाय."

सासू चुलीपाशी उगाच भांडी हलवत होती. मग तिमव्वानं विचारलं, "तुज्या भोपळ्याचा वेढा कुटं गेला?"

"झिजला की."

"झिजून कुटं गेला? दगूड झिजतो तवा उडून जातो व्हय? वाटनात जातो. वाटन पोटात जातं. आदी तुमी ल्हान लेकरास्नी वाढता, मग सोता खाता." तिनं कौसाच्या हातावर हात ठेवला. "तुजा वेढा तुज्या पोटातनं तानीत गेला. उगंच बगत नव्हती ती पोर."

कौसा पाट्याकडं बघत राहिली. तानीनं पहिल्यांदा बोटावर चटणी चाटली ती ह्याच पाट्यावरची. तिखट लागली म्हणून नाचली, आणि परत बोट पुढं केलं. आता हा मुंगळा भिंतीला उभा होता आणि कुणाच्याच पोटात जात नव्हता.

ऊन उंबऱ्यात आलं तशी कौसा उठली. तिनं पाटा भिंतीपासून काढून आडवा केला. सासू मदतीला धावली, तर म्हणाली, "आत्याबाई, असू द्या. घरात खोबरं किती हाय?"

घरात होतं ते पुरणार नव्हतं, कारण कौसानं आळीतल्या सगळ्या पोरांना जेवायला बोलवायचं मनात घेतलं होतं. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? कुणी कारळं आणलं, कुणी तीळ, कुणी लसणाची अख्खी माळ. कौसानं वरवंटा कुणाच्या हातात दिला नाही. ती वाटत राहिली. असं म्हणतात, की वरवंट्याखाली मुंगळा चालताना दिसत होता, आणि ह्या वेळी तो पुढं तोंड करून चालला होता. दिवस कलेपर्यंत पाटा कोरा झाला.

पोरं रांगेनं बसली. पहिला घास तिमव्वाला दिला. तिनं तो तोंडात घातला, जराशी थांबली आणि हात पुढं केला. "झ्याक. आनखी वाढ." पोरांनी खाल्ली आणि एकमेकांकडं बघितलं. एकानं तोंड वेडंवाकडं केलं, तर मागून आईनं चिमटा काढला. सासूनं खाल्ली, शिदूनं खाल्ली. सगळे खाली बघून खात होते. शेवटी कौसा स्वतः जेवायला बसली. तिनं घास मोडला, चावला आणि हात तसाच धरला.

"अगं बाई," ती म्हणाली. "मीठ ऱ्हायलं की."

मग शिदू हसला, आणि हसता हसता त्यानं तोंडावर पंचा धरला. तिच्या जिभेला चव परत आली होती, हे सगळ्यांच्या आधी त्याला कळलं. सासूनं मिठाचं मडकं आणून मधोमध ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बायका आपापले पाटे धुवायला बसल्या, तर प्रत्येकीच्या पाट्यावर एका कोपऱ्यात एकेक मुंगळा. हातोडीचा आवाज कुणी ऐकला नव्हता, कुत्रं भुंकलं नव्हतं. तिमव्वा पहाटेच निघून गेली होती. त्यानंतर ती आणखी काही वर्षं आली आणि मग यायची थांबली. कुणी म्हणतं, ती टेकडीवरच बसली आणि दगडात दगड झाली. टेकडीच्या माथ्यावरची एक शिळा सगळी ठिपक्यांनी भरलेली आहे. पावसानं झालेत म्हणावं, तर ठिपके फार नेटके आहेत.

कौसाला पुढं दोन मुलगे झाले, नातवंडं झाली. म्हातारपणी ती टाकी घालायला आलेल्या कुणालाही, तो विचारो न विचारो, काल काय बघितलं ते सांगत बसायची.

आता धोंडजरीत मिक्सर आहेत. तरी पाटा कुणी टाकून दिलेला नाही. एखाद्या घरात माणूस गेलं, की तेरावा झाल्यावर शेजारणी आपापलं तीळ-खोबरं घेऊन तिथं जातात आणि त्याच घरच्या पाट्यावर चटणी वाटतात. तिला तिमाईची चटणी म्हणतात. तिच्यात मीठ घालत नाहीत. बाहेरगावच्या नव्या सुनेनं विचारलं तर तिला खुणेनं गप्प करतात. सगळ्यांनी ती गुमान खायची, चांगली झालीय म्हणायचं आणि वाट बघायची. ज्याचं माणूस गेलंय, त्यानं आपणहून म्हणायला हवं, की मीठ राहिलं. कुणाला ते त्याच दिवशी कळतं. कुणाला महिने लागतात, एखाद्याला वर्ष. म्हणून त्या घरी दर अमावस्येला कुणीतरी चटणी वाटायला जातंच.

तोवर गाव अळणी खातं.